नेट बंद: दोष मोडेमचा की राउटरचा?



मागच्या महिन्यात यूपीआयवरच्या फसवणुकीबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या निरोपांत एक वेगळीच तक्रार चार-पाच जणांनी केली. घरचं नेट बंद पडतं, केबलवाला येतो, डब्याकडे एक नजर टाकतो आणि म्हणतो, “लाइन तो चालू है भिया, राउटर गया आपका.” मग राउटर पिशवीत घालून दुकानात न्यावा, तर दुकानदार तो लावून बघतो आणि म्हणतो, “राउटर एकदम ओके है अंकल, लाइन में दिक्कत होगी.” मधल्या मध्ये आपण. शेवटी दीड-दोन हजारांचा नवा राउटर येतो आणि जुना, कदाचित चांगला चालणारा, माळ्यावर जातो.

विचारणारे बहुतेक सगळे सत्तरीच्या आसपासचे. मुलं पुण्याला, बंगळूरला किंवा अमेरिकेत, आणि इथे घरात दोघंच. त्यांच्यासाठी नेट म्हणजे सिनेमे नव्हेत. म्हणून आज एवढंच बघू: दोष कोणाच्या बाजूचा आहे हे आपलं आपण कसं ठरवायचं. दुरुस्ती त्याची तो करेल, पण ‘त्याची’ म्हणजे कोणाची हे कळलं पाहिजे.

आधी ते दोन डबे वेगळे ओळखू या. भिंतीतून किंवा खिडकीतून येणारी टीव्हीची जाड काळी केबल ज्या डब्याला स्क्रूसारखी फिरवून लावलेली असते, तो मोडेम. त्याच केबलमधून टीव्हीचे चॅनेलही येतात आणि नेटही येतं, फक्त वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीवर. मोडेम त्यातलं नेट वेगळं काढतो आणि ते एका साध्या लॅन वायरवर देतो. केबल टीव्हीच्या वायरीतून नेट कसं पाठवायचं याचा ‘डॉक्सिस’ नावाचा नियम १९९७ मध्ये ठरला. आजचे केबल मोडेम त्याच नियमाच्या पुढच्या आवृत्त्यांवर चालतात.

त्या लॅन वायरीचं दुसरं टोक ज्या डब्यात जातं, ज्याला दोन-चार शिंगं असतात, तो राउटर. मोडेमकडून त्याला एक जोडणी मिळते आणि ती तो घरातल्या दहा-बारा उपकरणांत वाटतो. वायफाय हे त्याचं काम. म्हणजे मोबाइलवर वायफायच्या पूर्ण काड्या दिसल्या, तरी त्याचा अर्थ एवढाच की तुमचा मोबाइल आणि राउटर यांचं बोलणं चालू आहे. राउटरच्या पलीकडे काय स्थिती आहे, ते काड्या सांगत नाहीत. “वायफाय तर फुल आहे, मग नेट का नाही?” या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

ज्यांच्याकडे आता फायबर आलं आहे, त्यांच्याकडे मोडेमच्या जागी पातळ पिवळी किंवा पांढरी वायर जाणारा डबा असतो. त्यावर ‘पॉन’ आणि ‘लॉस’ असे इंग्रजी अक्षरांत लिहिलेले दिवे असतात. पॉनचा हिरवा स्थिर असावा, लॉसचा लाल पेटू नये. बाकी पुढचं बरंचसं त्यांनाही लागू आहे. काही ठिकाणी दोन्ही कामं एकाच डब्यात असतात, त्यांचं भांडण अर्थातच कमी.

आता एक खरी गोष्ट. रामबागेत आमच्या ओळखीच्या एक मावशी राहतात. काका अर्धांगवायूनंतर दीड वर्षापासून अंथरुणावर आहेत. मुलगा टोरांटोला. रोज सकाळी सातला, म्हणजे त्याच्याकडे रात्री साडेनऊला, तो व्हिडिओ कॉल लावतो. त्याने काकांच्या पलंगासमोर एक छोटा कॅमेराही बसवलेला आहे. मावशी भाजीला किंवा औषधाला बाहेर पडल्या की तो तिकडून काकांवर लक्ष ठेवतो. तसं दोघांचं ठरलेलंच आहे. जूनमध्ये पहिल्या वादळी पावसात वीज कडाडली आणि राउटर गेला. पुतण्याने जेल रोडवरून नवा आणून लावला. दिवे लागले, वायफायचं नाव दिसलं, पासवर्ड घेतला, पण मोबाइलवर तेच वाक्य: जोडलेलं आहे, इंटरनेट नाही.

केबलवाला आला. त्याने आपला लॅपटॉप न लावता, फक्त मोडेमचा हिरवा दिवा दाखवून राउटर खराब असल्याचं सांगितलं. दुकानदाराने राउटर बदलून दिला. दुसराही चालेना. चार दिवस कॅमेरा बंद, आणि चार दिवस मावशी घराबाहेर पडल्या नाहीत. औषध संपायला आलं तेव्हा शेजारच्या मुलाला पाठवलं.

मी गेलो तेव्हा दोन्ही डबे धडधाकट होते. भानगड मोडेमच्या स्मरणशक्तीची होती.

नेटवर चालणाऱ्या प्रत्येक उपकरणाला कारखान्यातूनच एक बारा अक्षरी क्रमांक मिळालेला असतो, त्याला मॅक नंबर म्हणतात. राउटर उलटा केला की खालच्या स्टिकरवर तो छापलेला दिसतो. केबल मोडेम सुरू झाल्यावर त्याला पहिल्यांदा जे उपकरण जोडलेलं दिसतं, त्याचा मॅक नंबर तो लक्षात ठेवतो आणि त्यालाच नेट देतो. जुन्या वाड्यांवरचा दरवान असायचा ना, एकदा चेहरा ओळखीचा झाला की त्यालाच आत सोडणार आणि मालकाचा सख्खा भाऊ आला तरी बाहेर उभा ठेवणार, तसं. नवा राउटर लावला, पण मोडेम बंद केलाच नव्हता. तो जुन्या राउटरची वाट बघत बसला होता. दुसरा नवा राउटर आणला तरी त्याच्यासाठी तोही परकाच.

मोडेमची पिन काढली, पाच मिनिटं थांबलो, पुन्हा लावली. त्याचे सगळे दिवे स्थिर होईपर्यंत राउटर बंदच ठेवला. मग राउटर लावला. दोन मिनिटांत नेट आलं. एवढंच.

इथे क्रमाला महत्त्व आहे आणि त्यामागे कारण आहे. दोन्ही डबे एकाच बोर्डावर असले की आपण बोर्डाचं बटण बंद-चालू करतो. राउटर लवकर जागा होतो. मोडेमला मात्र केबल कंपनीच्या यंत्राशी बोलून, आपली फ्रीक्वेन्सी शोधून, नोंदणी करून उभं राहायला दोन-चार मिनिटं लागतात. त्या मधल्या वेळात राउटरने पत्ता मागितला तर काही मोडेम त्याला तात्पुरता, घरगुती पत्ता देऊन ठेवतात, १९२.१६८.१०० ने सुरू होणारा. राउटर तो धरून बसतो. लाइन आली तरी तो आपल्या चुकीच्या पत्त्यावर खूष. म्हणून आधी मोडेम, मग राउटर, आणि सगळ्यात शेवटी मोबाइल.

एवढं करूनही नवा राउटर चालत नसेल, तर मॅक नंबरची नोंद मोडेमऐवजी केबलवाल्याच्या कचेरीत असते. काही ऑपरेटर तशी बांधून ठेवतात. तेव्हा फोन करून “नया राउटर लगाया है, मॅक बदल दीजिए” म्हणायचं आणि खालच्या स्टिकरवरचा नंबर वाचून दाखवायचा. दुसरा मार्ग म्हणजे नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘मॅक क्लोन’ नावाचा पर्याय असतो, तिथे जुन्याचा नंबर टाकायचा. दरवानाला जुन्याच पाहुण्याचा चेहरा दिसतो. म्हणून जुना राउटर भंगारात देण्याआधी त्याच्या खालच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा.

पण हे झालं राउटर बदलल्यावरचं. काही न बदलता, बसल्या बसल्या नेट गेलं तर? तेव्हा साखळी मधोमध तोडून बघायची. आमच्या धंद्यात हजार ओळींच्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधायचीही पहिली रीत हीच आहे: अर्ध्यावर थांबून बघ, इथपर्यंत बरोबर आहे का. इथे मधोमध म्हणजे मोडेम आणि राउटर यांच्यातली ती लॅन वायर. ती राउटरमधून काढा, लॅपटॉपला लावा, मोडेम बंद करून पुन्हा चालू करा (दरवान आठवला ना) आणि नेट बघा. लॅपटॉपवर चाललं, तर केबलवाला सुटला आणि दोष राउटरचा. नाही चाललं, तर राउटरला निर्दोष समजायला हरकत नाही. मात्र ज्यांच्याकडे नेटसाठी युजरनेम-पासवर्ड लागतो, त्यांना तो लॅपटॉपवरही टाकावा लागेल, नाहीतर लाइन चांगली असून बंद वाटेल. सध्याच्या पातळ लॅपटॉपांना लॅनचं भोकच नसतं, तेव्हा नातवाचा जुना जाड लॅपटॉप अशा वेळी कामाला येतो.

लॅपटॉप नसेल तर दिवे वाचा. मोडेमवर वीज, खाली येणारा सिग्नल, वर जाणारा सिग्नल आणि ‘ऑनलाइन’ असे साधारण चार दिवे असतात. ऑनलाइनचा दिवा लुकलुकतच राहिला, तर मोडेमला कंपनीचं यंत्र सापडत नाहीये आणि दोष तुमच्या राउटरचा असूच शकत नाही. मोडेम आणि राउटर जोडलेले असताना लॅनचा दिवा अजिबात लागत नसेल, तर आधी मधली वायर बदला. माझी एक विनंती आहे. आज नेट व्यवस्थित चालू असताना दोन्ही डब्यांचा समोरून आणि मागून एकेक फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. चांगल्या दिवशी कुठला दिवा कसा असतो हे कोणालाच आठवत नाही, मलाही नाही. आणि वायर कुठून कुठे जाते हेही त्यात येतं. कामवाल्या बाईंनी पुसताना निघालेली वायर चुकीच्या भोकात खोचली गेली, असं निदान तीन घरी बघितलं आहे. राउटरला एक भोक वेगळ्या रंगाचं असतं, मोडेमची वायर त्यातच.

आणखी एक खूण मोबाइलमध्येच असते. वायफायच्या नावावर दाबलं की तपशिलात ‘आयपी ॲड्रेस’ दिसतो. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर राउटरने आपलं काम केलं आहे. कॉम्प्युटरवर १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला, तर राउटरने पत्ताच दिला नाही आणि बिचाऱ्या कॉम्प्युटरने स्वतःच एक बनवून घेतला. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ ०.०.०.० दिसला, तर राउटर मागतोय पण मोडेमकडून काही येत नाहीये.

आता सगळ्यात मोठं नुकसान जिथे होतं ते. राउटरच्या मागे पिनेने दाबायचं बारीक भोक असतं, त्याला रीसेट म्हणतात. कुणीतरी सांगतं, “रीसेट मार लो,” आणि आपण टाचणी घेऊन दहा सेकंद दाबतो. रीस्टार्ट आणि रीसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिन काढून लावणं म्हणजे रीस्टार्ट, त्याने काही बिघडत नाही. रीसेटने राउटर दुकानातून आणला तेव्हासारखा कोरा होतो. त्यात वायफायचं नाव आणि पासवर्ड तर जातोच, पण तो वर म्हटलेला, ऑपरेटरने बसवताना टाकलेला नेटचा युजरनेम-पासवर्डही जातो. तो बहुतेकांकडे कुठेच लिहिलेला नसतो. म्हणजे जे नेट दहा मिनिटांत आपोआप आलं असतं, ते आता त्याचा माणूस येईपर्यंत येत नाही, आणि शनिवारी संध्याकाळी त्याचा माणूस येत नाही. युजरनेम, पासवर्ड, ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा नंबर एका कागदावर लिहून राउटरजवळच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आणि टाचणी देवघरातच असू द्या.

वायरींबद्दल थोडं. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत सलग पहिलं आलं, त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे, पण मान वर करून खांबांकडे बघितलं की तो जरा कमी होतो. गल्लीतून वीजखांबांवरून आलेली ती केबल उन्हात वाळते, खारी कुरतडतात आणि पावसात तिच्या सांध्यात पाणी शिरतं. पाऊस पडला की नेट जातं आणि ऊन पडलं की येतं, असं होत असेल तर घरातल्या डब्यांकडे बघूसुद्धा नका, दोष बाहेरच्या सांध्यात आहे. घरात केबल शिरल्यावर टीव्हीसाठी आणि मोडेमसाठी ती एका छोट्या धातूच्या तुकड्याने, स्प्लिटरने वाटलेली असते. दोन वाटण्या झाल्या की प्रत्येकीला निम्म्याहूनही थोडा कमी सिग्नल मिळतो. कुणाच्या घरी आतल्या खोलीतल्या टीव्हीसाठी अजून एक स्प्लिटर लावलेला असतो, म्हणजे पुन्हा वाटणी. मोडेम सारखा सारखा तुटत असेल तर स्प्लिटर काढून बाहेरची केबल थेट मोडेमला लावून दोन तास बघा. टीव्ही तेवढा वेळ बंद राहील, मालिका बुडेल, पण उत्तर मिळेल.

लॅन वायरीत आठ बारीक तारा असतात. शंभर एमबीपीएससाठी त्यातल्या चारच लागतात, हजारसाठी आठही. त्यामुळे प्लॅन दोनशे-तीनशेचा असून नेट बरोबर पंचाण्णवच्या आसपास अडकत असेल, तर बहुधा आठातली एखादी तार किंवा क्लिप गेलेली असते. कंपनीशी भांडण्याआधी शंभर-दीडशे रुपयांची नवी वायर लावून बघा.

आणि अडॅप्टर! दोन्ही डब्यांच्या पिना बऱ्याचदा एकसारख्या असतात, पण एकाला १२ व्होल्ट लागतात आणि दुसऱ्याला कदाचित ९. साफसफाईत अदलाबदल झाली की डबा लागतो, दिवे दिसतात आणि दर थोड्या वेळाने तो आपोआप बंद-चालू होतो. सगळे त्याला ‘लाइन का प्रॉब्लेम’ म्हणतात. अडॅप्टरवर मार्करने मोठ्या अक्षरांत ‘मोडेम’ आणि ‘राउटर’ लिहून टाका.

घराच्या मागच्या खोलीत वायफाय येत नाही, हा वेगळा प्रश्न आहे. जुन्या घरांच्या जाड भिंती आणि लोखंडी कपाटं यांना दोन्ही डबे निर्दोष असले तरी काही करता येत नाही. राउटर टीव्हीच्या कपाटातून बाहेर काढून उंचावर ठेवा, एवढं आज पुरे.

आता तक्रारीचा फोन. “नेट बंद है” एवढंच सांगितलं तर राउटरवर ढकलणं सोपं असतं. त्याऐवजी असं म्हणा: “मॉडेम का ऑनलाइन लाइट ब्लिंक कर रहा है, मॉडेम पाँच मिनट बंद करके देख लिया, स्प्लिटर निकालकर भी देख लिया.” मावशींना मी हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आहे. ऑगस्टमध्ये एकदा लाइन गेली तेव्हा त्यांनी फोनवर ते वाचून दाखवलं. पलीकडचा माणूस दोन क्षण गप्प झाला आणि म्हणाला, “आंटी, शाम तक लड़का भेजता हूँ.” मुलगा आला, खांबावर चढला, सांधा बदलून गेला.

एक गोष्ट मात्र कुठल्याही डब्याने सुटत नाही आणि ती वयस्कर मंडळींच्या घरी आधी बोलून ठेवायला हवी. पूर्वीचा टेलिफोन लाइट गेली तरी चालायचा, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांमधून, तांब्याच्या त्याच तारेतून यायची, ४८ व्होल्टची. आता फायबरबरोबर मिळणारा लँडलाइन त्या डब्यातून चालतो आणि काचेतून वीज येत नाही. लाइट गेली की नेट, कॅमेरा आणि लँडलाइन तिन्ही एकदम जातात. यावर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेता येतो. घेताना व्होल्ट अडॅप्टरवर लिहिलेत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि तो दोन्ही डब्यांना पुरला पाहिजे. एकट्या राउटरला बॅटरी देऊन काही उपयोग नाही, मोडेम झोपलेलाच राहील. फायबरवाल्यांचं याने बहुधा भागतं, कारण वाटेत वीज लागणारं यंत्र बहुतेक नसतं. जाड केबलवाल्यांच्या वाटेत मात्र खांबांवर सिग्नल वाढवणारे ॲम्प्लिफायर असतात आणि तेही विजेवर चालतात. पूर्ण वस्तीची लाइट गेली तर आपल्याकडे यूपीएस असूनही नेट जाऊ शकतं. आपल्या केबलवाल्याला विचारून ठेवा की त्याच्या ॲम्प्लिफायरला बॅटरी आहे का. नसेल, तर घरातल्या एका साध्या मोबाइलमध्ये बॅलन्स, चार्जिंग आणि मुलांचे नंबर ठेवा. ११२ हा नंबरही घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या बाईंनाही, माहीत असू द्या.

पुढच्या महिन्यात कॅमेऱ्यांबद्दल लिहितो. तोपर्यंत घरातल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड बसवणाऱ्या मुलाने ठेवला होता तोच असेल, तर बदलून घ्या.